एका नावाखालचे अनेक आजार

1860च्या जानेवारीत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या इस्पितळात एक तरुण मोलकरीण दाखल झाली. अंगात ताप, सुजलेले स्नायू आणि हात लावला तरी किंचाळावे अशा वेदना. विषमज्वर समजून उपचार झाले आणि ती दगावली. शवविच्छेदनात फ्रीडरिख झेंकर यांनी तिच्या स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य बारीक कृमी वळवळताना दिसले. नाताळच्या सुमारास मालकाच्या घरी डुक्कर कापले होते. त्या मांसातून ट्रिकिनेला हा कृमी तिच्या शरीरात शिरला होता.

पाचच वर्षांनी, 1865 मध्ये, हेडर्सलेबेन या लहानशा गावात याच कृमीची साथ आली. 337 माणसे आजारी पडली आणि त्यातली 101 मरण पावली. जर्मनी हादरली. रुडॉल्फ विरखो यांच्यासारख्या मोठ्या वैद्यकतज्ज्ञाने मांसाच्या तपासणीसाठी आवाज उठवला. पुढची कित्येक वर्षे ताप आणि सुजलेले, दुखरे स्नायू घेऊन कोणी आले की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय कृमीचाच येई.

पण काही रुग्णांच्या स्नायूंत कितीही शोधले तरी कृमी सापडत नव्हते. लाइपझिगच्या अर्न्स्ट वाग्नर यांनी असा एक रुग्ण 1863 मध्येच नोंदवून ठेवला होता. 1887 साल उजाडले आणि एकाच वर्षात तिघांनी स्वतंत्रपणे हाच आजार मांडला: वाग्नर यांनी पुन्हा एकदा, हाइनरिख उनव्हेरिख्ट यांनी आणि स्ट्रासबुर्गच्या हेप यांनी. हेप यांनी त्याला ‘खोटा ट्रिकिनोसिस’ असेच म्हटले, कारण रूप सारे ट्रिकिनोसिसचे, म्हणजे ट्रिकिनेलाच्या आजाराचे, आणि कृमी मात्र एकही नाही. वाग्नर आणि उनव्हेरिख्ट यांनी वापरलेले नाव टिकले. पॉलीमायोसायटिस, म्हणजे अनेक स्नायूंचा दाह. 1891 मध्ये उनव्हेरिख्ट यांनी त्वचेवर चट्टे उठणाऱ्या रुग्णांसाठी डर्मॅटोमायोसायटिस हे दुसरे नाव दिले. स्नायूदाहाच्या आजारांची पहिली वाटणी ही अशी झाली, त्वचेवर काही दिसते की नाही एवढ्याच आधारावर. हे दोन कप्पे पुढे जवळपास पाऊणशे वर्षे चालले.

आजारांची वाटणी करणे ही काही युरोपची मिरासदारी नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे 80, पित्ताचे 40 आणि कफाचे 20 विकार मोजून दिले आहेत. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. त्या परंपरेत सांधेदुखीचे प्रकार रक्त, कफ, पित्त आणि काळे पित्त या चार रसांपैकी कोणता बिघडला यावरून पाडले जातात. कधीकाळी फारुकी राजांच्या खानदेशाची राजधानी असलेल्या आणि आज यंत्रमागांवर जगणाऱ्या या शहरात अंग आखडले, हात वर जाईना झाला की घरात पहिला शब्द निघतो तो ‘वात धरला’ असाच. या साऱ्या वर्गवाऱ्या आपापल्या जागी सुसंगत आहेत. फरक आहे तो पायाचा. एक वर्गवारी दोषावर उभी आहे, दुसरी रसावर आणि एकोणिसाव्या शतकातली जर्मन वर्गवारी सूक्ष्मदर्शकाखालच्या स्नायूवर आणि त्वचेवरच्या चट्ट्यांवर. स्नायूदाहाच्या आजारांचा पुढचा इतिहास म्हणजे हा पाया तीनदा कसा बदलला आणि प्रत्येक वेळी त्यातून कोणाचा जीव वाचला, याचा इतिहास आहे.

पहिली कलाटणी एका दुःखद निरीक्षणातून मिळाली. 1916 मध्ये जर्मन वैद्यकीय नियतकालिकांत स्नायूदाहासोबत कर्करोग आढळलेले रुग्ण नोंदवले गेले. एकाला पोटाचा कर्करोग होता, दुसऱ्या रुग्णाला स्तनाचा. आरंभी हा योगायोग वाटला. अशा नोंदी वाढत गेल्या तसा तो योगायोग राहिला नाही. पुढे स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदी एकत्र करून 2001 मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा डर्मॅटोमायोसायटिसच्या 618 रुग्णांपैकी 198 जणांना कर्करोग असल्याचे दिसले आणि त्यातल्या 115 जणांचा कर्करोग स्नायूदाहाचे निदान झाल्यानंतर उघडकीस आला होता. पॉलीमायोसायटिसमध्ये हा धोका बराच कमी निघाला. त्वचेवरचा चट्टा आहे की नाही, या जुन्या साध्या प्रश्नाचे उत्तर आता रुग्णाच्या पोटात, छातीत, स्तनात किंवा अंडाशयात गाठ शोधायची की नाही हे ठरवू लागले.

दुसरी गोष्ट मुलांची.

बोस्टनच्या वेजवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये डर्मॅटोमायोसायटिस झालेल्या 26 मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. स्टेरॉइड येण्याआधीच्या काळात या आजाराचा ठोकताळा भयंकर होता: एक तृतीयांश मुले दगावत, एक तृतीयांश कायमची अपंग होत आणि उरलेली बरी होत. 1948 मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिले आणि 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यानंतर स्नायूदाहाच्या मुलांनाही स्टेरॉइड मिळू लागले. मृत्यू झपाट्याने घटले.

पण मुलांचा आजार मोठ्यांसारखाच होता का? 1966 मध्ये बेटी बँकर आणि मॉरिस व्हिक्टर यांनी या आजाराने गेलेल्या मुलांच्या ऊती तपासल्या. त्यांना स्नायूंइतकाच घाव रक्तवाहिन्यांवर दिसला. स्नायूंतल्या, त्वचेतल्या आणि आतड्यातल्याही बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. काही मुलांच्या आतड्याला छिद्र का पडते, त्वचेवर न भरणाऱ्या जखमा का होतात, याचा उलगडा इथे झाला. मुलांच्या आजाराची आणखी एक खूण आहे, त्वचेखाली आणि स्नायूंत साठणारे कॅल्शियम. कोपर, गुडघा, नितंब इथे खड्यासारख्या टणक गाठी येतात, कधी त्या फुटून चुन्यासारखा पांढरा द्रव वाहतो. प्रौढांत हे क्वचित दिसते. उलट प्रौढांना पछाडणारा कर्करोगाचा धोका मुलांत जवळपास नसतोच. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगतज्ज्ञांचे नेहमीचे सांगणे या आजाराइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसत असेल.

या सगळ्याला एक चौकट मिळाली ती 1975च्या फेब्रुवारीत. लॉस एंजेलिसच्या अँथनी बोहान आणि जेम्स पीटर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लागोपाठ दोन लेख लिहिले. त्यांनी पाच कसोट्या सांगितल्या. खांदे आणि मांड्यांच्या स्नायूंची दोन्ही बाजूंनी सारखी अशक्तता. रक्तात स्नायूंतून झिरपणाऱ्या विकरांची वाढ, म्हणजे आज ज्याला सगळे सीपीके म्हणतात ती तपासणी. ईएमजी या विद्युत तपासणीत ठरावीक खुणा. स्नायूच्या तुकड्यात दाह. आणि त्वचेवरचे विशिष्ट चट्टे. चट्टे नसतील तर पहिल्या चारही कसोट्या जुळल्यावर पॉलीमायोसायटिस निश्चित, चट्टे असतील तर बाकीच्या तीन पुरेत. रुग्णांचे गट पाच केले: निव्वळ पॉलीमायोसायटिस, निव्वळ डर्मॅटोमायोसायटिस, कर्करोगासोबतचा स्नायूदाह, मुलांचा स्नायूदाह आणि ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारख्या दुसऱ्या आजाराला जोडून येणारा स्नायूदाह. मुलांना स्वतःचा कप्पा मिळाला.

या चौकटीचे यश तिच्या साधेपणात होते. जगात कुठलाही डॉक्टर ती वापरू शकत होता. दोष मात्र हळूहळू वर आला. मुळात पॉलीमायोसायटिस हा उरलासुरला कप्पा झाला होता. अशक्तता आहे, सीपीके वाढलेले आहे आणि त्वचा स्वच्छ आहे, म्हणजे पॉलीमायोसायटिस, असा हिशेब होऊ लागला. आनुवंशिक स्नायूक्षयाचे काही रुग्ण याच कप्प्यात पडून राहिले.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो वयस्कर रुग्णांवर. 1971 मध्ये युनिस आणि समाहा यांनी एका वेगळ्या आजाराला इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस हे नाव दिले. तो बहुधा पन्नाशीनंतर येतो, पुरुषांत जास्त दिसतो आणि दोन ठिकाणी वार करतो: मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि बोटे मिटवणाऱ्या स्नायूंवर. माणूस जिना उतरताना कोसळतो, किल्ली फिरवताना आणि बादलीची कडी धरताना त्याची पकड सुटते. स्टेरॉइडने या आजाराला काहीच फरक पडत नाही. तरीही 1975च्या कसोट्यांत हा वेगळा ओळखण्याची सोय नव्हती. परिणामी कित्येक वृद्धांना वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले गेले. त्यांचे स्नायू बरे झाले नाहीत आणि हाडे, डोळे, साखर मात्र बिघडली. नेदरलँड्समध्ये 165 रुग्णांची फेरतपासणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यात खरा पॉलीमायोसायटिस म्हणावा असे 9 जणच निघाले आणि पुढच्या पाठपुराव्यात त्यांतल्याही पाच जणांत इन्क्लुजन बॉडीच्या खुणा उमटल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अमाटो आणि ग्रिग्ज या मज्जातंतुतज्ज्ञांनी एका संपादकीयाच्या शीर्षकातच पॉलीमायोसायटिसला एकशिंगी घोडा आणि ड्रॅगन यांच्या पंक्तीला, दंतकथांतल्या प्राण्यांत बसवले.

दरम्यान वर्गवारीचा पाया पुन्हा बदलत होता. या वेळी तो रुग्णाच्या रक्तातून आला. 1980 मध्ये निशिकाई आणि राइखलिन यांनी स्नायूदाहाच्या काही रुग्णांत सापडणारे एक प्रतिपिंड वेगळे काढले. ज्या रुग्णात ते आढळले त्याच्या नावावरून त्याला जो-1 म्हटले गेले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या एका विकरावरच ते हल्ला करते हे 1983 मध्ये कळले. हे प्रतिपिंड असलेल्या रुग्णांचे चित्र एकसारखे होते. स्नायूंची अशक्तता होतीच, त्यासोबत ताप, सांधेदुखी, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे, बोटांच्या कडांची त्वचा मेकॅनिकच्या हातांसारखी खरखरीत होऊन भेगाळणे आणि फुफ्फुसांचा दाह. काहींना तर खोकला आणि धाप आधी लागते, स्नायू मागाहून दुखतात. अशा रुग्णाला निव्वळ पॉलीमायोसायटिसच्या कप्प्यात टाकले तर फुफ्फुसांकडे लक्ष जायला उशीर होतो.

1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या लव्ह, मिलर आणि सहकाऱ्यांनी 212 रुग्णांचा अभ्यास मांडून उघड प्रश्न विचारला: रुग्ण बाहेरून कसा दिसतो यापेक्षा त्याच्या रक्तात कोणते प्रतिपिंड आहे यावरून गट केले तर पुढचा प्रवास अधिक अचूक सांगता येत नाही का? त्यानंतरची वीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर देण्यात गेली. जपानमध्ये 2005 साली असे प्रतिपिंड सापडले, की ज्यांच्या रुग्णांचे स्नायू जवळपास शाबूत असतात, त्वचेवर चट्टे असतात आणि फुफ्फुसे मात्र काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात. आज ते एमडीए-5 या नावाने ओळखले जाते. टिफ-1 गॅमा हे प्रतिपिंड प्रौढात सापडले तर कर्करोग कसून शोधावा लागतो, तेच मुलात सापडले तर नाही. एनएक्सपी-2 असलेल्या मुलांत कॅल्शियमच्या गाठींची शक्यता वाढते. बाल्टिमोरच्या अँड्र्यू मॅमन यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवले, की कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्या काही मोजक्या रुग्णांत शरीर एका विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि गोळ्या थांबवल्या तरी स्नायू मरत राहतात. या आजाराला आज वेगळा कप्पा आहे आणि त्यात स्नायूच्या तुकड्यात दाह फारसा दिसतच नाही. दाहाच्या नावाने सुरू झालेली कहाणी दाह न दिसणाऱ्या आजारापर्यंत पोहोचली होती.

आता सगळ्यांना एकत्र बसणे भाग होते. संधिवाततज्ज्ञ, मज्जातंतुतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे चौघेही याच आजाराकडे आपापल्या खिडकीतून पाहत होते. स्वीडनच्या इंग्रिड लुंडबर्ग यांच्या पुढाकाराने जगभरातल्या 47 केंद्रांनी 976 स्नायूदाहाचे रुग्ण आणि तसेच भासणारे पण दुसरे आजार असलेले 624 रुग्ण यांची माहिती गोळा केली. 976 पैकी साधारण चौथा हिस्सा मुलांचा होता. या कामातून 2017 मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांचे संयुक्त निकष आले. इथे हो किंवा नाही असा निकाल नसतो. प्रत्येक खुणेला गुण असतात. पापण्यांवरच्या जांभळट चट्ट्याला 3.1, मान उचलणाऱ्या स्नायूंच्या अशक्ततेला 1.9, जो-1 प्रतिपिंडाला 3.9. आजार कोणत्या वयात सुरू झाला यालाही गुण आहेत. बेरजेतून शक्यता निघते. ती 55 टक्क्यांवर गेली तर स्नायूदाह संभवनीय, 90 टक्क्यांवर गेली तर निश्चित. त्वचेचे चट्टे ठळक असतील तर बायोप्सीशिवायही गुण मोजता येतात. मुलांच्या बाबतीत हे मोठेच बळ आहे, कारण लहान मुलाच्या मांडीचा तुकडा काढणे सोपे नसते.

तरीही हे काम पूर्ण झाले असे कोणी म्हणत नाही. 2017च्या निकषांत जो-1 सोडून दुसऱ्या एकाही प्रतिपिंडाला जागा नाही. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी 260 रुग्णांची माहिती कुठलेही पूर्वीचे नाव न लावता संगणकाला गटांत मांडू दिली. चार गट पडले: डर्मॅटोमायोसायटिस, इन्क्लुजन बॉडी, स्नायू मरण्याचा आजार आणि जो-1च्या कुळातला आजार. पॉलीमायोसायटिस नावाचा गट पडलाच नाही. 1887 मध्ये जे नाव सगळ्यात आधी रुजले, तेच सगळ्यात आधी पुसट होत चालले आहे.

वर्गवारी आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सांगायला हवे. 2017चे निकष प्रामुख्याने संशोधनासाठी आहेत. औषधाची चाचणी घेताना सारख्या आजाराचे रुग्ण एकत्र यावेत हा त्यांचा हेतू. पण या कप्प्यांची किंमत शेवटी रुग्णाच्याच खात्यात जमा होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली, 22 देशांतल्या 139 मुलांवरची चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. सगळी मुले एकाच कप्प्यातली, नव्याने निदान झालेल्या बाल-डर्मॅटोमायोसायटिसची. म्हणूनच खात्रीने सांगता आले, की नुसत्या स्टेरॉइडपेक्षा स्टेरॉइडसोबत मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन देणे अधिक गुणकारी आणि त्यातही मेथोट्रेक्सेट अधिक सुरक्षित. मोठ्यांसाठी इम्युनोग्लोब्युलिनची चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फक्त डर्मॅटोमायोसायटिसचे 95 प्रौढ घेतले होते. पूर्वीसारखी सरमिसळ असती तर दोन्ही चाचण्यांचा निकाल धूसरच राहिला असता.

आपल्याकडे हे आजार किती आहेत? मराठी मुलखात संधिवाताची घरोघर मोजणी पहिल्यांदा झाली ती पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 मध्ये सुमारे सहा हजार वस्तीच्या या गावात दारोदार जाऊन हाडे, सांधे आणि स्नायूंचे दुखणे नोंदवले. प्रौढांपैकी जवळपास दर पाच-सहा जणांत एकाला असे दुखणे होते. इतक्या दुखण्यांच्या गर्दीत खरा स्नायूदाह म्हणजे कडब्याच्या गंजीतली सुई. बाल-डर्मॅटोमायोसायटिस पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण 2 ते 4 मुलांना होतो. एका गावात तो सापडणे कठीण, आणि म्हणूनच तो समोर आला तर ओळखला जाणेही कठीण.

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘दंगल’ चित्रपटात छोट्या बबिताची भूमिका करणारी सुहानी भटनागर दिल्लीच्या एम्समध्ये वयाच्या 19व्या वर्षी गेली. डर्मॅटोमायोसायटिस हा शब्द भारतातल्या लाखो घरांत पहिल्यांदा त्या दिवशी पोचला. हाताला सूज येण्यापासून सुरुवात झाली होती आणि आजाराचे नाव कळेपर्यंत अनेक आठवडे गेले, असे कुटुंबीयांनी माध्यमांना सांगितले. शेवटी तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला. डॉक्टर जे शंभराहून अधिक वर्षांत शिकले ते लोकांपर्यंत पोचायला एका मुलीचा जीव जावा लागला.

बऱ्हाणपूरसारख्या शहरात हा इतिहास आजही एकाच वेळी सगळ्या टप्प्यांवर जगतो. घरात वाताचा काढा आहे, गल्लीत हकीमसाहेब आहेत आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात 1975च्या पाच कसोट्यांपैकी पहिल्या दोन आणि शेवटची, म्हणजे डोळ्यांनी पाहणे, हाताने जोर तपासणे आणि रक्तातले सीपीके, सहज करता येतात. ईएमजी, स्नायूची बायोप्सी आणि प्रतिपिंडांची तपासणी यांसाठी सहसा मोठे शहर गाठावे लागते. रेल्वेने एका बाजूला भुसावळ तासाभरावर आहे आणि पुढे जळगाव, मुंबई. दुसऱ्या बाजूला खंडवा आणि मग इंदूर. पहिली शंका मात्र इथेच, घरातच घेता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवाव्यात. मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येईना, शौचाला उकिडवे बसून उठणे जड जाऊ लागले, वेणी घालताना हात गळून पडू लागले, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना, उशीवरून मान उचलेना. मूल जिना चढायचे टाळू लागले, सारखे कडेवर घे म्हणू लागले, खेळातून अंग काढू लागले, तर ते आळशी झाले असे समजू नये. पापण्यांवर आणि बोटांच्या सांध्यांवर चट्टे येतात का ते बघावे. गोऱ्या कातडीवर जांभळे-गुलाबी दिसणारे हे चट्टे सावळ्या अंगावर काळपट तपकिरी दिसतात आणि उन्हाने रापले म्हणून सोडून दिले जातात. सोबत कोरडा खोकला किंवा धाप असेल तर एक दिवसही थांबू नये. डॉक्टरांना सीपीके तपासायला सांगावे आणि ते वाढलेले निघाले तर संधिवाततज्ज्ञ किंवा मज्जातंतुतज्ज्ञाकडे, मूल असेल तर मुलांच्या संधिवाताच्या जाणकाराकडे जावे. स्टेरॉइड सुरू झाले असतील तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि तज्ज्ञाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: हा स्नायूदाह नेमका कोणत्या गटातला आहे? औषध, फुफ्फुसांवरचे लक्ष आणि कर्करोगाचा शोध हे तिन्ही त्याच उत्तरावर ठरते.